घरातल्या गोंदणाची नोंद कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत वयस्कर स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा हातांवर हिरवट गोंदण आजही दिसते. त्याची नोंद त्या हयात असतानाच व्हायला हवी, आणि ती केवळ नक्षीची नसावी. ते का गोंदवले, हे कळल्याशिवाय नोंद अपुरीच राहते.

कारणे किती वेगवेगळी असू शकतात, हे आधी लक्षात घ्यावे. आल्प्स पर्वतात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या पुरुषाच्या देहावर ६१ खुणा आहेत, आणि त्यांतील बऱ्याच झिजलेल्या सांध्यांजवळ असल्यामुळे त्या उपचारासाठी असाव्यात, असे अनेक अभ्यासकांना वाटते. न्यूझीलंडमधील माओरींच्या चेहऱ्यावरील मोको हे गोंदण वंशावळ सांगते. छत्तीसगडच्या रामनामी समाजाला मंदिराचे दार बंद होते, तेव्हा त्यांनी रामनाम अंगभर गोंदवून घेतले. भक्तीइतकाच त्यात स्वाभिमान आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवतात. आपल्या आजीचे कारण यांपैकी कोणतेही असेल किंवा अगदीच निराळे असेल, म्हणून उत्तर आपण सुचवू नये.

‘का गोंदवलंत?’ असे थेट विचारले, तर ‘सगळ्याच गोंदवायच्या’ एवढेच उत्तर येण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी कोणी नेले, कोणी ठरवले, वय किती होते, गोंदणारी दारावर आली होती की जत्रेत बसली होती, काजळीत कशाचा रस घातला, नंतर हळद लावली का आणि मोबदला पैशांत दिला की धान्यात, असे विचारावे. पुष्कळ मुलींना हे लहानपणीच, वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून सोसावे लागले. अशा ठिकाणी ‘आवडीने गोंदवले’ असे लिहिणे अन्यायाचे ठरेल. शेजारच्या कन्नड आजींकडे ‘हच्चे’ या गोंदणासाठीच्या कन्नड शब्दाने चौकशी केली, तर बोलणे लवकर खुलते.

सीमाभागात एक गोष्ट विशेष जपावी. सोयरीक चंदगड, गडहिंग्लजपासून खानापूरपर्यंत होत आली असल्यामुळे आज बेळगावात राहणाऱ्या आजीचे गोंदण माहेरच्या गावचे असू शकते. म्हणून गोंदवल्याचे गाव आणि सध्याचे गाव स्वतंत्र लिहावे. हे राहिले तर पुढे कोणती नक्षी कोणत्या भागातली, हे कोणालाच ठरवता येणार नाही.

छायाचित्र दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. जुना रंग त्वचेत पसरलेला असतो, त्यामुळे तुळस, विंचू किंवा सीतेची पावले फोटोत ओळखू येतीलच असे नाही. आजींच्या संमतीने त्वचा हलकेच ताणून पारदर्शक कागदावर ठिपके उतरवून घ्यावेत आणि कोणत्या ठिपक्याला त्या काय म्हणतात, ते त्यांच्याच बोलीत लिहावे. चेहऱ्याचा फोटो इतरांना दाखवण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी.

शेवटी लिहिलेले सगळे त्यांना वाचून दाखवावे, त्या सांगतील तिथे दुरुस्त करावे आणि एक प्रत त्यांच्या माहेरी पाठवावी.