इंटरनल ऑडिटरची टेक-कम्प्लायन्स अभ्यासबैठक भरवताय? या चुका टाळा

आमचा आठ-दहा ऑडिटवाल्यांचा ग्रुप आहे, महिन्यातून एका शनिवारी बसतो आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष नुसत्या पीपीटी वाचण्यात गेलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विषय अवाढव्य घेणं. "टेक्नॉलॉजी आणि कम्प्लायन्स" असं ठेवलं की कोणी सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 6 तासांत इन्सिडंट कळवायचा नियम काढतं, कोणी डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा) काढतं, दोन तास संपतात आणि सोमवारी ऑफिसात करायचं काय ते कोणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्या. आम्ही घेतला एडिट लॉगचा, म्हणजे हिशेबात कोणी, कधी, काय बदललं याची सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं ती नोंद. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो लागतोच आणि बंद करता येता कामा नये, हे सगळ्यांना पाठ. पण तपासायचा कसा? टेस्ट सर्व्हरवर एक व्हाउचर 45,000 वरून 54,000 केलं, लॉगमध्ये युजर, तारीख सगळं छान आलं. मग आयटीवाल्याला म्हटलं, आता हीच रक्कम स्क्रीनवरून नको, सरळ डेटाबेसच्या टेबलात जाऊन बदल. त्याने बदलली आणि लॉगमध्ये काहीच नाही, कोरा! "लॉग चालू आहे" असं सेटिंगच्या स्क्रीनशॉटवरून लिहून देणारे आम्ही सगळे जरा गप्पच झालो. म्हणून आयटीचा माणूस खोलीत हवाच, नुसते ऑडिटर बसून हे कळत नाही.

दुसरी चूक, डेटा झाकण्यातली. एकाने व्हेंडर मास्टर (पुरवठादारांची यादी) आणलं, पॅनचा कॉलम काढलेला, नावं काढलेली, पण जीएसटी नंबर तसाच. अरे, त्या 15 अक्षरांत पहिले दोन राज्याचा कोड आणि पुढचे दहा म्हणजे पॅनच की! आणि एक्सेलमध्ये कॉलम नुसता हाइड करणं म्हणजे झाकणं नव्हे, राइट क्लिक केलं की बाहेर. काढायचा तर डिलीट करा आणि नवीन फाइलमध्ये व्हॅल्यू पेस्ट करा, पिव्हट टेबल असेल तर त्याच्या पोटातही जुना डेटा राहतो, तेही बघा.

बेनफर्डचा नियम, म्हणजे रकमांचा पहिला आकडा कोणता किती वेळा यायला हवा त्याचा हिशेब, लावायची हौस सगळ्यांना असते. पहिला आकडा 1 असायचं प्रमाण साधारण 30 टक्के, 9 चं पाच टक्क्यांहूनही कमी, बरोबर. पण तो रोखीच्या व्हाउचरांवर लावला आणि 9 चा खांब वर गेला म्हणून लगेच फ्रॉड ओरडू नका. धंद्याच्या खर्चासाठी इन्कम टॅक्सची एका माणसाला एका दिवसात 10,000 ची रोख मर्यादा आहे, त्यामुळे 9,500 ची, 9,900 ची व्हाउचरं साचणारच. एकाच पार्टीला लागोपाठच्या दिवशी गेलीत का ते उघडून बघा, तिथे खरी गंमत असते.

व्हेंडरचा डेमो शक्यतो नकोच. ठेवलाच तर आपला डेटा द्या, त्यांचा गुळगुळीत सॅम्पल नको.

सीपीईच्या (व्यावसायिकांच्या सततच्या शिक्षणाच्या) तासांसाठी येणारे येतातच, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, पुढच्या वेळी कोण काय टेस्ट करून आणणार त्यात त्यांचंही नाव घाला. आणि चहा मध्ये ठेवा, शेवटी ठेवला की अर्धे लोक कप हातात घेऊन लिफ्टपाशी असतात.