जुन्या पोकलेनमध्ये ‘कम्युनिकेशन एरर’ येतोय? कंट्रोलर बदलण्याआधी एवढं तपासा

मॉनिटर मध्येच काळा पडतो, चालू इंजिनवर तापमानाचा काटा शून्यावर येतो, थ्रॉटलचा डायल फिरवला तरी आरपीएम हलत नाही, एकदम चार-पाच एरर कोड येतात. किल्ली बंद करून परत लावली की सगळं ठीक. सेकंडहँड पोकलेनमध्ये असं व्हायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘ईसीएम गेला, बदलून टाका’. ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कंट्रोलर, एक छोटा कॉम्प्युटरच. हा सल्ला लगेच मानू नका. कंट्रोलर अतिशय महाग असतो आणि दोष बहुतेक वेळा वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), अर्थिंग किंवा बॅटरीत सापडतो. तो शोधायला चांगला डिजिटल मल्टीमीटर, मशीनचं सर्किट डायग्राम आणि घाई नसलेला माणूस पुरतो.

इंजिनचा ईसीएम, पंपाचा कंट्रोलर, मॉनिटर आणि जीपीएस युनिट ही सगळी मंडळी एकमेकांशी दोनच वायरींवरून बोलतात. एक कॅन हाय, दुसरी कॅन लो. कॅन हे या बोलण्याच्या पद्धतीचं नाव, आणि या दोन वायरी मिळून झाली ‘लाइन’. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत आज जवळपास प्रत्येक अवजड मशीनमध्ये आहे. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात आणि लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. जे१९३९ या अवजड वाहनांसाठीच्या कॅनच्या प्रकारात हायची वायर पिवळी आणि लोची हिरवी असते, पण कंपन्या आपापले रंगही वापरतात. म्हणून रंगावर न जाता डायग्राम बघा.

पायरी १ : कोण कोणाची तक्रार करतंय ते लिहून काढा

कोड पुसायची घाई करू नका. आधी सगळे कोड कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या कंट्रोलरने दिलाय ते लिहा. निम्मं निदान इथेच होतं. पंप कंट्रोलर आणि मॉनिटर दोघंही ‘इंजिनचा ईसीएम ऐकू येत नाही’ म्हणत असतील आणि त्यांचं आपसात नीट चालत असेल, तर मुख्य लाइन शाबूत आहे. त्या ईसीएमचा सप्लाय, अर्थिंग किंवा त्याच्याकडे जाणारा वायरीचा फाटा तपासायचा. सगळेच सगळ्यांची तक्रार करत असतील तर दोष लाइनमध्ये आहे, नाहीतर एखादं युनिट लाइन दाबून धरतंय. जे१९३९च्या कोडमध्ये एसपीएन (तक्रार कशाची) आणि एफएमआय (बिघाड कोणत्या प्रकारचा) असे दोन आकडे असतात. एसपीएन ६३९ म्हणजे थेट या लाइनचीच तक्रार, आणि एफएमआय ९ म्हणजे माहिती ठरलेल्या वेळेत आली नाही.

पायरी २ : बॅटरी आणि अर्थिंग

मशीन २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दोन्हींचा व्होल्टेज वेगवेगळा मोजा. केबिनमधला पंखा, टेप किंवा मोबाइल चार्जर एकाच बॅटरीवरून घेतलेला असेल तर ती बॅटरी कायम कमजोर राहते. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली आपटला की कंट्रोलर क्षणभर बंद पडतात आणि कम्युनिकेशनचे कोड नोंदले जातात. जुन्या मशीनमध्ये ही जोडणी सर्रास दिसते. ती आधी काढून टाका.

मग इंजिन चालू ठेवून, लाइट लावून, बॅटरीचं निगेटिव्ह आणि कंट्रोलरची अर्थ पिन यांच्यातला व्होल्टेज बघा. ०.२ च्या वर गेला तर अर्थिंगचे बोल्ट उघडा, रंग आणि गंज खरवडून परत आवळा.

पायरी ३ : ६० ओहम येतात का?

किल्ली बंद, मास्टर स्विच बंद, आणि काही मिनिटं थांबा, कारण किल्ली काढल्यावरही ईसीएम थोडा वेळ जागा असतो. मग कॅन हाय आणि लोमधला रेझिस्टन्स मोजा. नऊ पिनांचा गोल डायग्नोस्टिक सॉकेट असेल तर साधारणपणे सी आणि डी पिन. दोन टोकांचे दोन रेझिस्टर पॅरलल असल्यामुळे ६० च्या आसपास आकडा हवा. १२० आले तर एक रेझिस्टर गायब किंवा वाटेत वायर तुटलेली. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर लावलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. काही मशीनमध्ये अशा दोन स्वतंत्र लाइनी असतात. प्रत्येक वेगळी मोजा.

पायरी ४ : किल्ली लावून व्होल्टेज

चेसिसच्या तुलनेत कॅन हाय २.५ व्होल्टच्या जरा वर आणि लो जरा खाली दिसायला हवा. दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ. एखादी वायर शून्यावर असेल तर ती बॉडीला लागलीय, २४ कडे असेल तर सप्लायला. दोन्हींवर अगदी सारखा आकडा आला तर लाइनवर कोणी बोलत नाहीये किंवा वायरी जुळल्यात.

पायरी ५ : हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) हात फिरवा

मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला हार्नेस हळूहळू हलवायला सांगा. बकेट जमिनीवर, सेफ्टी लिव्हर लॉक, इंजिन बंद. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष. केबिनच्या फ्लोअरखाली जिथे हार्नेस आत शिरतो, टर्बोजवळ जिथे वायर तापते आणि पंपाजवळ जिथे तेलाने इन्सुलेशन फुगतं, या तीन जागा आधी बघा. सीटमागे उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात.

कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला तर पाणी शिरलंय. प्रेशर वॉशिंग केलेल्या आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत राबलेल्या मशीनमध्ये हे जास्त. मीटरची जाड टोकं फिमेल पिनमध्ये खुपसू नका. पीन सैल होते आणि नवाच दोष तयार होतो. मागच्या बाजूने बारीक पीन घालून मोजा.

फायनान्सवाल्यांनी किंवा आधीच्या मालकाने बसवलेला जीपीएस ट्रॅकर असेल तर त्याच्या वायरी कुठे जोडल्यात ते नक्की शोधा. कॅनची वायर सोलून नुसती टेप गुंडाळलेली असेल तर तिथे पहिला संशय घ्या.

पायरी ६ : एकेक युनिट सोडवा

अजून सापडलं नसेल तर मास्टर स्विच बंद करून एक कपलर काढा, परत चालू करून लाइनचा व्होल्टेज बघा. मॉनिटर, जीपीएस, पंप कंट्रोलर, शेवटी ईसीएम. जे युनिट काढल्यावर लाइन सुधारते त्यातच किंवा त्याच्या फाट्यात बिघाड. काही कंट्रोलरच्या पोटातच १२० ओहमचा रेझिस्टर असतो. तो काढल्यावर ६० चे १२० होणं साहजिक आहे, घाबरू नका.

एवढं करूनही एकाच कंट्रोलरवर बोट येत असेल, त्याचा सप्लाय आणि अर्थिंग पक्कं असेल, तरच तो बदलायचा विचार करा. बूम किंवा बकेटला वेल्डिंग झाल्याच्या खुणा असतील तर शक्यता वाढते, कारण बॅटरी आणि कंट्रोलर न सोडवता वेल्डिंग केलं की त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. दुसऱ्या मशीनमधून काढलेला कंट्रोलर बसवताना त्यातलं सॉफ्टवेअर तुमच्या मॉडेलचं आहे का ते बघा, नाहीतर बिघाड नसतानाही एरर येत राहील.

वायर जोडताना डाग देऊन किंवा योग्य क्रिम्प करून वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी बसवा आणि पीळ परत घाला. बोटभर लांबीपेक्षा जास्त वायर बिनपिळाची ठेवू नका. मग कोड पुसा आणि हायड्रॉलिक तेल पुरतं गरम होईपर्यंत मशीन कामावर चालवा, कारण थंड मशीनवर न दिसणारे सैल जोड गरम झाल्यावर आणि हादऱ्यांनी उघडे पडतात. त्यानंतर कोडची यादी परत काढून पहिल्या कागदाशी ताडून बघा.