न लागलेल्या फोनपासून सुरुवात करा

सल्लागार म्हणून रोजगारक्षमतेवरचं माझं पहिलं काम एका कौशल्य प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचं होतं. बहुतेक जण नोकरीला लागले, असं संस्थेच्या अहवालात होतं. ते खोटं नव्हतं. पण यादी समोर ठेवून मी स्वतः फोन लावायला बसले तेव्हा कळलं की टक्केवारी फक्त फोन उचलणाऱ्यांमधून काढलेली आहे.

समजा १०० जणांनी प्रवेश घेतला, ६० जणांनी कोर्स पूर्ण केला, त्यातल्या ३० जणांचे फोन लागले आणि २४ जण कामावर आहेत. यातून ८० टक्केही निघतात, ४० टक्केही आणि २४ टक्केही. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते: टक्का दिसला की "कितीपैकी?" असं विचारा.

बंद नंबरांचा माग आम्ही वर्गमैत्रिणींकडून काढला. त्यात एक मुलगी सापडली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नोकरी सोडली, कारण वैयक्तिक'. तिचं काम सुटायचं रात्री नऊला आणि शेवटची बस होती साडेआठची. काही आठवडे तिनं कुणाकुणाच्या गाडीवर बसून दिवस काढले, मग थांबली. काम जमत होतं, परतणं जमत नव्हतं, एवढंच तिचं म्हणणं. रोजगारक्षमता हा शब्दच उणीव माणसात शोधायला लावतो. तिच्यात उणीव नव्हती, आणि आमच्या प्रश्नावलीत बसला जागा नव्हती. ही खंत मला आजही आहे.

व्याख्या मात्र पक्क्या करून घ्या, त्यात टाळाटाळ नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मापानं संदर्भ आठवड्यात, म्हणजे पाहणी ज्या आठवड्याबद्दल विचारते त्यात, मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. २०१३ साली कामगार सांख्यिकी तज्ज्ञांच्या १९व्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं आणखी एक रेघ ओढली: फक्त घरच्या वापरासाठी पिकवणाऱ्याचं कष्ट हे 'काम' आहे, पण 'रोजगार' नाही. म्हणजे दिवसभर राबणारी बाई तक्त्यात रोजगाराबाहेर आणि आठवड्याला एक तास काम मिळालेला तरुण आत. म्हणून मी तास, मिळकत आणि काम किती महिने टिकलं, हे तिन्ही वेगवेगळं विचारते.

गरिबीचंही तसंच. जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, किमतींचं आधारवर्षही २०१७ वरून २०२१ केलं. दोन रेषांवरचे आकडे शेजारी ठेवून "गरिबी वाढली" असं लिहिणारे मसुदे मी परत पाठवले आहेत. २०१० पासूनचा जागतिक बहुआयामी गरिबी निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतले १० निर्देशक तपासतो. निर्देशक चांगले आहेत, पण त्यांत रोजगार नाही. तुमचा विषय रोजगार असेल तर नुसत्या त्या निर्देशांकावर विसंबू नका.

आता कन्सल्टन्सीची बाजू. अभ्यासाचे पैसे बहुधा देणगीदार देतो, अभ्यास असतो संस्थेच्या कामाचा, आणि त्या संस्थेचं पुढचं अनुदान तुमच्या अहवालावर अडलेलं असतं. ती माणसं वाईट नसतात. पगार थकलेले असताना केंद्र चालवणारे कार्यकर्ते मी जवळून पाहिले आहेत, आणि कटू निष्कर्ष त्यांच्यासमोर ठेवताना मला आजही जड जातं. पण गप्प बसून त्यांचं भलं होत नाही. कामाच्या अटी ठरतानाच लिहून घ्या की तथ्याची चूक असेल तर मसुदा दुरुस्त होईल, निष्कर्ष मात्र सल्लागाराचा राहील. आणि गळलेल्यांना शोधायचे दिवस बजेटमध्ये वेगळे मागा. नंतर ते कुणी देत नाही.

सॉफ्टवेअर कोणतंही शिका, सहा महिन्यांत हात बसतो. पहिलं वर्ष मात्र फील्डवर घालवा. मुलाखतीला आधी संमती घ्या, आणि उत्तर दिलं नाही तरी मिळणारी कोणतीही मदत थांबणार नाही हे स्पष्ट सांगा. समोरच्याला तुम्ही सरकारचे वाटता की संस्थेचे, यावर उत्तर बदलतं.

त्या पहिल्या अहवालात मी तिन्ही टक्के एकाखाली एक दिले. बैठक बराच वेळ चालली, आवाजही चढले. दोन महिन्यांनी संस्थेचा नवा प्रवेश अर्ज पाहायला मिळाला. त्यात शिक्षणाच्या रकान्याखाली एक नवा रकाना होता: कामावरून परतायची सोय.