एमजीबीच्या इनटेकवर कानस कुठे चालवायची, कुठे ठेवून द्यायची

काकाजींची एमजीबी, ही जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार, माझ्या शेडमध्ये आली ती ट्रॅक्टरच्या मागे, दोराने बांधून. १९६७ची, हिरवी, हुडाचं कापड उंदरांनी खाल्लेलं. वरूडच्या पलीकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, तिथल्या गोदामात ती बावीस वर्षं क्रेटच्या थप्पीमागे उभी होती. इंजिन पुरतं खोलायचं ठरलं आणि काकाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "मिस्त्री, खोलतच हायेस तं हवेचे भोकं मोठे करून टाक. गाडी पयाली पाहिजे."

मी अँबेसेडरवर हात काळे करून शिकलेला माणूस. एमजीबी आधी फक्त चित्रात पाहिली होती. पण बॉनेट उघडलं आणि गावाकडचं कोणी परदेशात भेटावं तसं झालं. हे तर बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन! आपल्या जुन्या पेट्रोल अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोघांचा सारखाच, ८८.९ मिलिमीटर; एमजीबीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६, म्हणून ती १७९८ सीसी. अँबेसेडरवाल्यांनाही खालचं बरंचसं लागू पडेल.

आधी भोकांचं सांगतो. काकाजींना मी बागेतल्या पाइपाचं उदाहरण दिलं. मोटर तीच ठेवून पाइप दुप्पट जाड टाकला तर धार लांब जाते का? जागेवरच पडते. इनटेकचंही, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या वाटेचंही, तसंच. पोर्ट, म्हणजे हेडमधलं ते भोक, मोठा केला की कमी फेऱ्यांवर हवा आळसावते, पेट्रोल तिच्यासोबत नीट जात नाही, भिंतीला चिकटून बसतं. साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर रेस खेळणाऱ्याला मोठा पोर्ट फळतो. मोर्शीच्या रस्त्यावर बैलगाडीमागून तिसऱ्या गिअरमध्ये निघणाऱ्याला नाही.

शिवाय या हेडमध्ये मोठं करायला जागाच कमी आहे. चार सिलिंडरना हवेचे पोर्ट दोनच: एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून दुसरा. पुशरॉडही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) त्याच बाजूने वर येतात. पोर्ट आडवा कोरत गेलात तर पुशरॉडच्या भोकात निघाल, आणि मग हेड भंगारात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे पुढच्या पोर्टमधून आधी दोन नंबर हवा ओढतो, लगेच त्याच्यामागे एक नंबर, आणि मग अख्खा एक फेरा पोर्ट रिकामा. एकाचा व्हॉल्व्ह मिटायच्या आत शेजाऱ्याचा उघडतो. एका विहिरीवर दोन भावांच्या मोटरी, तसला प्रकार. आत जिथे पोर्ट दोघांकडे फुटतो तिथे मधे धारेसारखी भिंत आहे. ती कापून मागे सारायचा मोह होतो. सारू नका. तिचा ओबडधोबडपणा तेवढा काढा आणि टोक गोल ठेवा.

खरा फायदा आहे तो जोडांमध्ये. मॅनिफोल्ड (कार्बोरेटरकडून हेडकडे नेणारा फाटा), पॅकिंग आणि हेड या तिघांची भोकं एकमेकांवर बसतात असं आपण धरून चालतो. या गाडीत पुढच्या पोर्टला मॅनिफोल्डचा काठ खालून जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर होता आणि पॅकिंग वरून आत आलेलं.

आता खूण करायची पद्धत. स्टडच्या भोकात मॅनिफोल्डला थोडी ढिलाई असते, त्यामुळे आज जुळवलं ते उद्या बसवताना सरकतं. म्हणून मी आधी फ्लँजच्या (मॅनिफोल्डची हेडला टेकणारी सपाट कड) दोन टोकांना, पाण्याच्या किंवा ऑइलच्या वाटेत येणार नाही अशा जागी, ५ मिलिमीटरच्या दोन पिना बसवून घेतल्या. पॅकिंगलाही तीच भोकं पाडली. आता कितीदाही काढा-घाला, तिघं एकाच जागी बसतात. मग हेडच्या तोंडाला निळा रंग लावला, पॅकिंग पिनांवर चढवलं आणि सुईने कडेकडेने रेघ ओढली. तसंच मॅनिफोल्डला. रेघेपर्यंत कोरायचं, आणि आत वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत निमुळतं करत मूळ मापात मिळवायचं. तोंडाशीच रुंद आणि आत लगेच अरुंद असं केलंत तर ते नाल्यावरच्या रपट्यासारखं होतं, पाणी तिथेच उसळतं.

तंतोतंत जुळत नसेल तर एक गोष्ट चालते: मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा केसभर लहान. हवा लहानातून मोठ्यात उतरते, बिघडत नाही. उलटं मात्र नको. हेडचा काठ वाहत्या हवेच्या तोंडावर आला की तो दगडासारखा आडवा उभा राहतो.

कोरायला लहान डाय ग्राइंडर, कार्बाइडचा बर (कोरायचं टोक) आणि मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर सळईला गुंडाळून. ऐंशीलाच थांबा. आमचा पोरगा हौसेने चारशेने घासून आरसा करत होता, त्याला थांबवलं. इनटेक आरशासारखा गुळगुळीत लागत नाही. थोड्या खरखरीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब थांबत नाहीत, परत हवेत उडतात. चकचकीत करायची हौस एक्झॉस्टच्या पोर्टवर भागवा. डोळ्यांवर चष्मा, नाकाला रुमाल. बिडाची भुकटी नंतर साबण आणि गरम पाण्याने धुवा, प्रत्येक ऑइलच्या वाटेतून ब्रश घाला. रॉकेलने पुसून भागत नाही.

व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो त्या सीटखालचा गळा हा दुसरा महत्त्वाचा भाग. सीट ४५ अंशांची, तिच्या वर ३० आणि खाली ६० अंशांचा काप दिला की हवा वळणावर अडखळत नाही. सीट आणि पोर्ट यांच्यामध्ये कारखान्याच्या कटरने सोडलेली पायरी असते, ती हाताने मोडली. व्हॉल्व्हची दांडी सांभाळणाऱ्या गाईडचा आत आलेला खुंट पुढून-मागून निमुळता केला, लांबी कमी केली नाही. हेड मशीनवर गेलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. शिशाचं पेट्रोल देशभरातून २००० सालच्या फेब्रुवारीत बंद झालं आणि ही हेडं त्याच्याच भरवशावर बनलेली.

आता माझी चूक. या मॅनिफोल्डचं गणित असं की हवेचा आणि एक्झॉस्टचा फ्लँज शेजारी-शेजारी असतो आणि मधल्या नटांखालचा जाड वायसर दोघांनाही एकदम दाबतो. मॅनिफोल्ड वाकडं होतं म्हणून एका मोठ्या वर्कशॉपमधून तोंड सपाट करून आणलं. त्यांनी हवेचं तेवढं घासलं, एक्झॉस्टचं तसंच ठेवलं. मीही न मोजता बसवलं. गाडी सुरू झाली, पण आयडलवर बाराशेच्या खाली येईना. वर-खाली, वर-खाली, दम लागलेल्या माणसासारखी. दोन दिवस मी कार्बोरेटरच्या मागे लागलो. शेवटी चारही प्लग काढून ओळीने बाकावर ठेवले. तीन आणि चार बिस्किटाच्या रंगाचे. एक आणि दोन खडूसारखे पांढरे. दोघं शेजारी, दोघांचा पोर्ट एक! मग सिरिंजमध्ये साधं पाणी घेऊन चालू इंजिनवर पुढच्या जोडाच्या खालच्या कडेला थेंब-थेंब सोडलं, आणि इंजिन घोगरलं. (पेट्रोल किंवा क्लीनर मारून बघायची सवय असेल तर सोडा, तिथेच एक्झॉस्ट लाल होत असतो.) वायसर एक्झॉस्टवर टेकला होता, हवेचा फ्लँज खाली मोकळा. अर्धा मिलिमीटर सुद्धा नव्हता तो फरक. पायरीचे वायसर कानशीने बनवले तेव्हा सुटलं. तेव्हा बसवण्याआधी दोन्ही फ्लँजवर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेज घालून बघा.

कार्बोरेटर दोन, एसयू कंपनीचे एचएस४, दीड इंची. मोठे आणायची गरज नाही, या इंजिनला ते पुरतात. थ्रॉटलची दांडी हलवून बघा. टकटक वाजली तर तिथून चोरटी हवा जाते, नवे बुश घाला. फिल्टरचं तोंड जिथे कार्बोरेटरला लागतं तिथे काठ धारदार असतो. लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या दोन बांगड्या करून घेतल्या, काठ तुतारीसारखा बाहेर वळलेला. खर्च किरकोळ, आणि माझ्या मते पोर्टच्या कामाइतकाच उपयोगी.

पण उघड्या तुताऱ्या लावून फिरायचं नाही. इंग्लंडच्या पावसाळी रस्त्यावर शोभतं ते. इथे पेरणीच्या दिवसांत काळ्या मातीचा फुफाटा आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांमागे उडणारे तंतू. मूळचे डबे आणि कागदी फिल्टर ठेवले.

आणि उन्हाळा. हवा आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने कार्बोरेटर चुलीवर बसल्यासारखे असतात. मे महिन्यात बाहेर ४४ असताना फिल्टरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, ६३ दाखवले. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्के विरळ असते, मग ६३ची किती ते काढा. रेडिएटरच्या बाजूने दोन इंची लवचिक पाइप फिल्टरच्या डब्यापर्यंत आणला. मूळचा उष्णतेचा पत्रा फेकू नका, आणि कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड तुकडा ठेवा. त्याचंही भोक जुळवायचं, ते लोक विसरतात. फ्लोटच्या भांड्याची ओव्हरफ्लो नळी एक्झॉस्टपासून लांब, खाली सोडा.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजणाऱ्या जुन्या सुईवर गाडी कोरडी चालते, पेट्रोल कमी पडतं. जुन्या रबरी नळ्या बदलल्या आणि मिश्रण थोडं जाड देणारी सुई घातली. सुईचा खांदा कार्बोरेटरच्या पिस्टनच्या खालच्या तोंडाशी सपाट बसला पाहिजे. सुरुवातीला जेटचा नट पूर्ण वर, मग बारा फ्लॅट (नटाच्या सहा बाजू, म्हणजे दोन फेरे) खाली.

दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, ते कानाने ऐकायचं. माझ्याकडे त्याचं यंत्र नाही. बागेतल्या ड्रिपची १६ एमएमची नळी हातभर कापली, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात. सुस्कारा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवले. मग पिस्टन खालच्या पिनेने मिलिमीटरभर उचलायचा. फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त), इंजिन बसलं तर पातळ, क्षणभर चढून सावरलं तर बरोबर.

काकाजींनी वरूडहून मोर्शीपर्यंत नेली आणली. उतरून विचारलं, "मंग भोकं केवढे मोठे केले?" मी म्हटलं, केलेच नाही. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा सांगितला.

पाचशे किलोमीटर झाले की मॅनिफोल्डचे नट गार इंजिनवर पुन्हा बघा. या गाडीत दोन नट पाव फेरा फिरले, दोन्ही त्या पायरीच्या वायसरचे.