पिवळा बल्ब मिळेनासा झाला, आता त्याच्या जागी काय लावायचं?

तारेचा जुना बल्ब अनेक देशांत टप्प्याटप्प्याने बाजारातून गेला. युरोपीय संघाने २००९ मध्ये १०० वॉटच्या बल्बपासून सुरुवात केली, २०१२ पर्यंत बाकीचे साधे घरगुती बल्ब थांबवले आणि २०१८ मध्ये बहुतेक हॅलोजन बल्बही. अमेरिकेने दर वॉटला किमान ४५ ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) उजेडाची अट घातली आणि ऑगस्ट २०२३ पासून ती पूर्णपणे लागू केली. तारेचा बल्ब या अटीच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यातली टंगस्टनची तार तापून लाल-पिवळी होते तेव्हा उजेड पडतो, पण विजेचा जेमतेम ५ टक्के भाग उजेडात उतरतो. बाकी सगळी उष्णता.

हे नियम बल्बच्या विक्रीवर आहेत, वापरावर नाहीत. घरात असलेला बल्ब काढून टाकायची सक्ती कुणावर नाही. तरी बदल करायचाच तर तो नीट करावा. एलईडी लावून पस्तावलेली माणसं पुष्कळ भेटतात. बहुतेक वेळा एलईडी वाईट नसतो, त्या जागेसाठी चुकीचा निवडलेला असतो. म्हणून सुरुवात दुकानात करू नका, घरातून करा.

आधी घरात एक फेरी मारा

कागद घ्या आणि प्रत्येक दिव्यापुढे चार गोष्टी लिहा: बल्ब किती वॉटचा आहे, होल्डर दोन पिनांचा की आट्यांचा, दिवा उघडा की काचेच्या बंद गोळ्यात, आणि बटण साधं की उजेड कमी-जास्त करणारं. होल्डरचे घरगुती प्रकार मोजकेच. पिनांचा सहसा बी २२ असतो. आट्यांचा जाड तो ई २७, बारीक तो ई १४. काही देशांत जाड आट्यांचा ई २६ असतो. जुन्या बल्बच्या टोपीवर किंवा खोक्यावर हे लिहिलेलं असतं. नाहीच दिसलं तर जुना बल्बच सोबत न्या.

सगळे एकदम बदलायची गरज नाही. रोज तासन् तास जळणारे दिवे आधी. ६० वॉटचा बल्ब रोज ४ तास लावला तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी सुमारे १३ युनिट. अडगळीच्या खोलीत दिवसातून दोन मिनिटं लागणारा बल्ब मात्र उडेपर्यंत खुशाल राहू द्या.

वॉट नव्हे, ल्युमेन वाचा

वॉट म्हणजे वीज किती लागते, ल्युमेन म्हणजे उजेड किती पडतो. तारेच्या बल्बात दोन्ही बरोबर वाढत, म्हणून आपण वॉटवरून उजेड ओळखायला शिकलो. एलईडीत तसं नाही. दोन कंपन्यांचे ९ वॉटचे बल्ब वेगवेगळा उजेड देऊ शकतात. खोक्यावर ल्युमेनचा आकडा शोधा: जुन्या ४० वॉटच्या जागी सुमारे ४७०, ६० च्या जागी ८००, ७५ च्या जागी १०५०, आणि १०० च्या जागी १५०० च्या आसपास. दोन आकड्यांमध्ये अडलात तर मोठा घ्या, कारण एलईडीचा उजेड वापरता वापरता हळूहळू कमी होत जातो. खोक्यावर जे आयुष्य छापतात, ते बहुधा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचं असतं.

उजेडाचा रंग

इथे घाई करू नका. घर उदास वाटायला लागतं ते बहुतेक वेळा रंगामुळे. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. जुन्या बल्बचा ऊबदार पिवळा उजेड हवा असेल तर २७०० केल्विन. ३००० किंचित पांढरा, ४००० सरळ पांढरा, ६५०० निळसर पांढरा. बैठकीत, झोपायच्या खोलीत, जेवायच्या जागी २७०० किंवा ३००० च्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रीचा निळसर उजेड झोपेच्याही आड येतो. बारीक कामाच्या टेबलावर ४००० चालतो. एकाच खोलीत दोन वेगळे रंग मात्र लावू नका, डोळ्याला सारखं खटकत राहतं.

दुसरा आकडा सीआरआयचा. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते यावरून कळतं. तारेच्या बल्बचा सीआरआय जवळपास १००, बऱ्याच एलईडींचा ८०. कागदावर फरक थोडा वाटतो, पण ताटातली भाजी, कपड्याचा लाल रंग, माणसाचा चेहरा, सगळं ८० च्या उजेडात थोडं मलूल दिसतं. स्वयंपाकघरात आणि आरशासमोर ९० किंवा त्याहून जास्तच घ्या. थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर ते इथे टाका.

दिव्याची जागा बघून बल्ब घ्या

एलईडी हाताला फारसा गरम लागत नाही, पण त्याच्या बुडाशी वीज बदलून देणारं छोटं सर्किट असतं आणि ते उष्णतेने खराब होतं. एलईडीचा दाणा शाबूत असतानाही बल्ब मरतो तो बहुधा यामुळेच. काचेच्या बंद गोळ्यात लावायचा असेल तर बंद दिव्यासाठी चालतो असं खोक्यावर लिहिलेलाच घ्या.

बऱ्याच एलईडींचा खालचा अर्धा भाग अपारदर्शक असतो आणि उजेड एकाच बाजूला पडतो. छतातून टांगलेल्या दिव्याला ते चालतं. टेबललॅम्पच्या कापडी छत्रीत मात्र अर्धा भाग अंधारा राहतो. तिथे उभ्या बारीक पट्ट्यांचा, दिसायला जुन्या बल्बसारखा फिलामेंट एलईडी लावा.

उजेड कमी-जास्त करणारं बटण असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेलाच बल्ब घ्या. तरीही जुन्या डिमरवर तो लुकलुकू शकतो. जुना डिमर मोठ्या भारासाठी बनवलेला, एलईडीचा भार अगदी थोडा. अशा वेळी बल्ब बदलत बसण्यापेक्षा एलईडीला चालणारा डिमर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. बटण बंद असतानाही एलईडी मंद जळत राहिला, तर बटणातला छोटा इंडिकेटर किंवा वायरिंग तपासून घ्या.

ओव्हनच्या आत एलईडी लावू नका, तिथली उष्णता त्याला सोसत नाही; ओव्हनसाठीचा खास बल्ब मिळतो. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला जुना बल्ब लावत असाल तर तिथेही एलईडी निरुपयोगी. ऊब देणारा दिवाच हवा.

एकच आणा आणि रात्री बघा

आधी एकच बल्ब आणा. बटण बंद करा, जुना बल्ब गार होऊ द्या, मग बदला. रंग रात्री बघा, दिवसा अंदाज येत नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरून पडद्यावर गडद पट्टे सरकताना दिसले, तर उजेड थरथरतो आहे असं समजा. अशा उजेडात काहींचं डोकं दुखतं. तो परत करा. आवडला तर बाकीचे त्याच प्रकारचे घ्या, बुडावर मार्करने तारीख लिहा आणि पावती ठेवा.

वळणदार नळ्यांचे सीएफएल आता नव्याने घेऊ नका. त्यात पारा असतो, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारानुसार ३० वॉटपर्यंतच्या घरगुती सीएफएलच्या उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला २०२५ ही शेवटची मुदत ठरली. घरात असलेला फुटलाच तर खिडक्या उघडा, १०-१५ मिनिटं खोलीबाहेर थांबा, झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून घातक कचऱ्यात द्या. गेलेला एलईडी ई-कचऱ्यात. तारेच्या जुन्या बल्बात पारा नसतो. तो कागदात गुंडाळून साध्या कचऱ्यात टाकला तरी चालतो.