स्वस्तातली ई-बुकं कशी शोधायची, म्हणजे खरंच वाचून होतील अशी

गेली सात-आठ वर्षं माझं बहुतेक वाचन किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या उपकरणावर, नाहीतर मोबाईलवर चालतं आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, अगं एवढी पुस्तकं तू आणतेस कुठून आणि तीही एवढ्या कमी पैशात. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट, जी मला कळायला वर्ष गेलं. पहिल्या वर्षी मी ४९ रुपयाला दिसलं की घे, ९९ ला दिसलं की घे, असं करत साठेक पुस्तकं जमवली आणि त्यातली शेवटपर्यंत वाचली अकरा. त्याच पैशात मला मनापासून हवी असलेली आठ-दहा पुस्तकं पूर्ण किमतीला आली असती. म्हणून दुकानात शिरायच्या आधी यादी करा. फोनमधल्या नोट्समध्ये चालेल, पुस्तकाचं नाव, छापील प्रतीची किंमत, ई-बुकची आजची किंमत आणि आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा, एवढंच. हा शेवटचा आकडा फार कामाचा असतो, कारण सेल लागला की "७०% सूट" असं लाल अक्षरात दिसतं आणि हात आपोआप जातो, पण यादीत आपण १२० लिहिलंय आणि सूट देऊनही १९९ च आहे हे दिसलं की हात थांबतो.

यादी झाली की त्यातलं काय फुकट मिळतंय ते आधी बघायचं, चोरून नाही, कायद्याने फुकट. आपल्याकडे नियम असा की लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं पुस्तकाचे हक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतात, मग पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत आलेली पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. हरिभाऊ आपटे गेले १९१९ साली, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, म्हणजे तिथे प्रश्नच नाही. अनुवादाच्या बाबतीत मात्र लोक हमखास फसतात, कारण अनुवादकाचा हक्क वेगळा धरतात. शरच्चंद्र चटर्जी १९३८ साली गेले, पण त्यांना मराठीत आणणारे मामा वरेरकर गेले १९६४ साली, म्हणून ते मराठी अनुवाद १ जानेवारी २०२५ ला खुले झाले. तेव्हा जुनं भाषांतर शोधताना दोघांचीही सालं बघायची.

इंग्रजीच्या बाबतीत थोडा उलटा घोळ आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग ही जुनी पुस्तकं फुकट देणारी साइट अमेरिकेच्या कायद्याने चालते आणि तिथे जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. त्यामुळे अगाथा ख्रिस्तीच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या तिथे फुकट दिसतात, पण ती १९७६ साली गेली म्हणजे भारतात तिचे हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहेत. कॉनन डॉयल १९३० साली गेला, तो दोन्हीकडे मोकळा. गुटेनबर्गची साइटच सांगते की तुमच्या देशाचा नियम तुम्ही बघा, आणि ते खरंच बघावं.

आता मराठीत फुकट कुठे बघायचं. मराठी विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातलं जुन्या पुस्तकांचं फुकट ग्रंथालय, माझं सगळ्यात आवडतं, कारण तिथे लोकांनी बसून पानापानाचं टायपिंग तपासलेलं असतं आणि पुस्तक ईपब या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतं, म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९६० साली सुरू झालेलं, त्यांनी स्वतः काढलेली बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये साइटवर ठेवलीत, त्यात चरित्रं, भाषांतरं, लोकसाहित्य, कोश असं काय काय आहे, आणि जी छापील प्रत कित्येक वर्षं कुठल्या दुकानात दिसलेली नाही ती तिथे सहज सापडते. याचा लोकांना पत्ताच नसतो याचं मला फार वाईट वाटतं. मराठी विश्वकोशही पूर्ण ऑनलाइन आहे, कादंबरीसारखा नाही वाचणार कोणी, पण एखाद्या लेखकावरची नोंद वाचून पुढे काय वाचायचं ते ठरवायला उत्तम. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पीडीएफ फुकट देतं, तिथे नव्या लेखकांचं खूप असतं, म्हणजे निवड तुम्हालाच करावी लागते, पण दुर्गभ्रमण आणि स्थानिक इतिहास यात मला तिथे चांगल्या गोष्टी मिळाल्यात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन ढिगाने आहेत, फक्त तिथे कोणीही काहीही चढवतं, तेव्हा वरचा साठ वर्षांचा हिशोब तिथे स्वतः करायचा.

हे सगळं माहीत नसलं की काय होतं ते सांगते. खुली झालेली पुस्तकं कोणीही उचलून, वर एक चकचकीत कव्हर चिकटवून दुकानात ४९ ते १५० रुपयाला लावू शकतं. बेकायदा नाही त्यात काही, आणि कोणी मेहनत घेऊन नीट शुद्धलेखन तपासून, प्रस्तावना जोडून काढलं असेल तर मी आनंदाने पैसे देते. पण बरेचदा तसं नसतं. ओळखायचं कसं, तर लेखक शंभर वर्षांपूर्वीचा, प्रकाशकाचं नाव कधी न ऐकलेलं, त्याच पुस्तकाच्या पाच-सहा वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी, आणि वर्णनात पुस्तकाबद्दल एक ओळ पण नेमकी नाही. असं दिसलं की आधी विकिस्रोत नाहीतर गुटेनबर्ग. इंग्रजी असेल तर स्टँडर्ड ईबुक्स पण बघा, तिथे स्वयंसेवक याच जुन्या पुस्तकांची इतकी सुंदर मांडणी करतात की विकतचं पुस्तक मागे पडेल, आणि तेही फुकट.

सॅम्पल, म्हणजे पुस्तकाची फुकट वाचायला मिळणारी सुरुवातीची काही पानं. सॅम्पल उतरवल्याशिवाय एकही पुस्तक विकत घ्यायचं नाही, भले ते २९ रुपयाचं असो. लोक सॅम्पल घेतात आणि पहिलं पान वाचून "छान वाटतंय" म्हणतात. पहिलं पान सगळ्यांचंच घासूनपुसून लख्ख असतं, तुम्ही सॅम्पलच्या शेवटच्या चार पानांवर जा. मागच्या पावसाळ्यात मी एक जुनी रहस्यकथा घेणार होते, किंमत ५९, सुरुवात एकदम मस्त, आणि पुढे सरकले तर "घर" चं "धर" झालेलं, "भाऊ" चा "माऊ" झालेला, "विद्यार्थी" मध्ये द आणि य एकमेकांपासून तुटून वेगळे उभे, आणि वाक्याच्या मध्येच "४७" असा आकडा. तो ४७ म्हणजे छापील पुस्तकाचा पान नंबर. म्हणजे काय केलं होतं, पानं स्कॅन करून मशीनकडून अक्षरं ओळखून घेतली आणि कोणीही परत वाचलं नाही. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या मशीन हमखास चुकतं, म्हणून सॅम्पलमध्ये मी मुद्दाम तीच अक्षरं बघते. दोन पानांत तीन चुका दिसल्या की सोडून द्यायचं, कारण रहस्यकथेत माणसाचं नावच तीन प्रकारे आलं तर खुनी कोण ते तुम्हाला कळणार कसं.

पानांची संख्या पण बघा. ९९ रुपयाला पुस्तक म्हणून घ्यावं आणि निघावी ३४ पानं, असं पाककृती आणि "यशस्वी व्हा" छापाच्या पुस्तकांत फार होतं. आणि लेखकाच्या नावावर टिचकी मारा. एकाच माणसाची तीन महिन्यांत वीस पुस्तकं, मधुमेहावर एक, शेअर बाजारावर एक, बागकामावर एक, असं असेल तर ती माणसाने लिहिलेली नाहीत असं समजून पुढे जा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं चढवता येतील अशी मर्यादा घातली, त्यावरूनच ओळखा काय पूर आला असेल.

आता किंमत कधी पडते. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं यायला लागली आणि स्वतः प्रकाशित करणारे पुष्कळ लेखक तिथे एका योजनेत नाव घालतात, त्यात त्यांना ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही आणि बदल्यात त्या ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. म्हणजे तुमचा आवडता नवा लेखक असेल तर त्याला फॉलो करून ठेवा, नवीन पुस्तक आलं की पहिल्या आठवड्यात नाहीतर वाढदिवसाला, सणाला, तो ते फुकटचे दिवस वापरतो आणि स्वतः पोस्ट टाकून सांगतो. फुकट घेतलंत तर वाचून दोन ओळींचा प्रामाणिक रिव्ह्यू नक्की लिहा, मराठी पुस्तकांना रिव्ह्यू इतके कमी असतात की तुमचे दोन शब्द पुढच्या वाचकाला खरंच उपयोगी पडतात.

किंडल अनलिमिटेड, म्हणजे महिन्याला ठरलेले पैसे भरून त्यातली हवी तेवढी पुस्तकं वाचायची योजना, घ्यावी का, हे सगळे विचारतात. महिन्याला चार-पाच पुस्तकं होत असतील आणि ती मुख्यतः रहस्य, भयकथा, प्रेमकथा, हलकंफुलकं अशी असतील तर घ्या, वसूल होतं. मोठ्या प्रकाशकांची नावाजलेली पुस्तकं तिथे कमीच दिसतात, तेव्हा तुमच्या यादीतली किती तिथे आहेत ते आधी मोजा आणि मगच पैसे भरा. मी वर्षभर चालू ठेवत नाही, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत एकेक महिना घेते आणि संपायच्या दोन दिवस आधी कॅलेंडरमध्ये आठवण लावते, नाहीतर पैसे आपोआप कापले जातात.

विकत घ्यायचं असेल तर २७ फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, मग २३ एप्रिलचा पुस्तक दिन, पाडवा, दिवाळी, या तारखांच्या आसपास बुकगंगा हे मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान आणि किंडल दोन्हीकडे चक्कर मारायची. दोन्हीकडे एकच पुस्तक वेगळ्या किमतीला असू शकतं, म्हणून तुलना केल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि गूगल प्ले बुक्स तिसरं. इंग्रजीसाठी बुकबब या ई-बुकच्या सवलती कळवणाऱ्या साइटवर भारत निवडून आपले आवडते साहित्यप्रकार टाकून ठेवले की सवलतीची यादी मेलवर येत राहते, फक्त पाचच प्रकार निवडा, सगळे निवडलेत तर तो मेल तुम्ही उघडणारच नाही.

प्रकाराप्रमाणे माझी पद्धत बदलते. कविता मी शक्यतो छापीलच घेते, कारण मोबाईलवर ओळी तुटतात आणि कवीने जिथे थांबायला सांगितलं तिथे थांबता येत नाही. ऐतिहासिक कादंबरी जाडजूड असते, छापील महाग, आणि झोपून वाचताना हात दुखतो, तिथे ई-बुक एकदम योग्य. आत्मचरित्रांत जुनी खुली झालेलीच इतकी दर्जेदार आहेत की नवी पैसे देऊन घेण्याआधी ती संपवा. विज्ञानकथेसाठी आणि नव्या प्रयोगांसाठी ऑनलाइन दिवाळी अंक बघा, "ऐसी अक्षरे"चा अंक दरवर्षी सगळ्यांना फुकट वाचता येतो. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मराठीत भरपूर गोष्टी, चित्रांसकट, मुलाच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आणि सगळ्या फुकट, उतरवून छापता पण येतात. भाचीला मी चार-चार पानं छापून, सुईदोऱ्याने शिवून देते, स्क्रीन द्यायला नको.

एक नीट लक्षात घ्या, ई-बुक "घेतलं" म्हणजे बहुतेक ठिकाणी वाचायची परवानगी घेतली. मी एका अ‍ॅपवर बावीस पुस्तकं घेतली होती, ते अ‍ॅप बंद पडलं आणि पुस्तकं गेली, मेलला उत्तरही आलं नाही. किंडलवरही २०२५ च्या फेब्रुवारीअखेर पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने न्यायची सोय काढून टाकली. म्हणून जे फुकट आणि खुलं आहे त्याच्या फाइल स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि जे पुस्तक आयुष्यभर जवळ हवं आहे ते छापील घ्या, तिथे स्वस्ताईच्या मागे लागू नका.

टेलिग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ मी घेत नाही आणि पुढेही पाठवत नाही. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती हजार प्रतींची, ती संपायला वर्षं लागतात, त्यातून लेखकाच्या हातात जे पडतं ते असं फुकट वाटून संपवलं तर उद्या तो लिहिणार कशासाठी. वर एवढं कायदेशीर फुकट सांगितलंय, ते वाचूनच दहा वर्षं पुरेल.

आणि घरात वयस्कर माणसासाठी घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच तपासा, अक्षर मोठं होतं का. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मी तिला टॅब दिला आणि हौसेने पंधरा पीडीएफ भरून दिल्या, तर ती पान मोठं करायची, मग ओळ बाहेर जायची, मग बोटाने डावीकडे उजवीकडे सरकवत बसायची आणि दहा मिनिटांत टॅब बाजूला. त्यातलीच तीन पुस्तकं विकिस्रोतवर ईपबमध्ये मिळाली, अक्षर पार मोठं केलं, एका ओळीत चार शब्द बसतील एवढं, ओळींमधली जागा वाढवली, पाठीमागचा रंग फिकट पिवळा केला. आता दुपारी तिला फोन केला तर म्हणते, थांब गं, प्रकरण संपू दे, मग करते.