आशा, अपेक्षा, उमेद, आस : नेमका शब्द आणि नाव कसे निवडावे

‘आशा’ हा शब्द मराठीत इतका सरावाचा आहे की लिहिताना तो आपोआप उतरतो, आणि त्यामुळेच त्या जागी अपेक्षा हवी होती, उमेद हवी होती की आस, हा विचार राहून जातो. पत्र, अर्ज, बातमी किंवा भाषांतर लिहिणाऱ्यांना, तसेच बाळाचे नाव शोधणाऱ्यांना हा निवाडा करता यावा, यासाठी पुढील रीत सांगितली आहे.

कोश उघडण्याआधी आशा कोणाची आहे, कशावर टेकली आहे आणि तिच्यासोबत कोणते क्रियापद आले आहे, हे पाहावे. रुग्णालयातला एकच प्रसंग घेतला तरी चारही शब्द आपापल्या जागी दिसतात. ‘डॉक्टरांनी अजून आशा सोडलेली नाही’ या वाक्यात आजार बरा होण्याची शक्यता बोलून दाखवली आहे. ‘आजोबांची उमेद खचलेली नाही’ असे म्हटले की शक्यतेचा प्रश्न मागे पडतो आणि रुग्णाच्या मनाचे बळ पुढे येते. ‘आजोबांना नातवाच्या भेटीची आस लागली आहे’ यात ओढ आहे, वाट पाहणे आहे. भेट होईल की नाही याचा अंदाज त्यात मुळीच नाही. ‘रात्री कोणीतरी फेरी मारावी एवढीच आमची अपेक्षा आहे’ असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा ते समोरच्याचे कर्तव्य त्याला आठवून देत असतात. या चार वाक्यांतले शब्द अदलाबदल करून पाहावेत. प्रत्येक वेळी वाक्य कुठेतरी अडखळते, आणि ते का अडखळले हे सांगता आले की निवड अर्धी झालीच.

कार्यालयीन लेखनात सर्वाधिक गोंधळ आशा आणि अपेक्षा यांचा होतो. अपेक्षा हा शब्द संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून आला आहे, आणि ‘याच्यापेक्षा ते बरे’ असे म्हणताना आपण जो ‘पेक्षा’ वापरतो, तो याच शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. अपेक्षेत कुणाकडे तरी किंवा कशाकडे तरी पाहून केलेले मोजमाप असतेच. म्हणून सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘सर्व सभासद वर्गणी मुदतीत भरतील अशी अपेक्षा आहे’ हे योग्य ठरते, कारण वर्गणी देणे ही जबाबदारी आहे. तेथे ‘आशा आहे’ असे लिहिले तर भरली तर भरली, नाही तर नाही, असा अर्थ निघतो. उलट, ज्यांच्यावर आपला कोणताही हक्क नाही अशा वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘आपण कार्यक्रमाला याल अशी अपेक्षा आहे’ असे लिहिणे उद्धटपणाचे वाटते. तेथे ‘आपण याल अशी आशा आहे’ चालेल. पण आमंत्रणपत्रिकेचा रुळलेला घाट ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ हाच आहे आणि तो टिकवावा असे मला वाटते.

वाक्यरचनेकडेही लक्ष हवे. ‘मला आशा आहे की आपण बरे असाल’ ही रचना इंग्रजी पत्रांतून आली आहे. मराठीत मजकूर आधी येतो आणि भाव शेवटी, म्हणजे ‘आपली प्रकृती आता सुधारली असेल अशी आशा आहे’. पुष्कळदा तर नामाची गरजच पडत नाही, कारण ते काम क्रियापदाचे रूप करते. ‘पाऊस वेळेवर पडो’, ‘यंदा तरी भाव मिळावा’, ‘एकदाचा निकाल लागू दे’, ‘गाडी मिळाली म्हणजे मिळवली’ या चारही वाक्यांत आशा पुरेपूर भरली आहे आणि तो शब्द कुठेच नाही. भाषांतर करणाऱ्याने ही रूपे हाताशी ठेवली तर पानभर ‘आशा आहे, आशा आहे’ असा घोष होत नाही. बातमी लिहिणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे : नको असलेल्या गोष्टीची आशा नसते. नदीचे पाणी वाढण्याची शक्यता असते, भीती असते, धास्ती असते. आशा असते ती पाणी ओसरण्याची.

उमेद फारसीतून आली आणि मराठीत येऊन तिने स्वतःचा अर्थ घडवला. फारसीत ‘उमीद’ म्हणजे आशाच, पण मराठी उमेदीत हिंमत आणि उत्साह यांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच ‘उमेदीची वर्षे’ म्हणताना अंगात जोर असलेला, काही करून दाखवण्याचा काळ डोळ्यांसमोर येतो. उमेदवार म्हणजे मुळात उमेद बाळगणारा. पूर्वी कचेरीत नोकरी मिळेल या भरवशावर बिनपगारी काम करणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि एखाद्या कारागिराकडे किंवा वकिलाकडे ‘उमेदवारी करणे’ हा प्रयोग त्याच अर्थाने आजही ऐकू येतो. निवडणुकीतल्या उमेदवाराने ‘उमेदवारी अर्ज’ भरला की हा जुना अर्थ कुणाच्या ध्यानात येत नाही, तरी शब्दात तो शाबूत आहे. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने ‘उमेद’ हे नाव घेतले, तेही या दृष्टीने चपखल आहे, कारण बचत गटातल्या बाईला नुसती वाट पाहायची नसते, तिला काही उभे करायचे असते. जेथे कृती अभिप्रेत असेल तेथे उमेद लिहावी. जेथे माणसाच्या हातात काहीच उरलेले नाही तेथे उमेद हा शब्द खोटा वाटतो.

आस हे संस्कृत आशेचेच प्राकृतातून आलेले रूप असले तरी तिचा स्वभाव वेगळा झाला आहे. ‘भेटीलागीं जीवा लागलीसे आस’ या तुकोबांच्या ओळीत आशा हा शब्द बसवून पाहिला तर काय हरवते ते कळते. मात्र लिंग सांभाळावे. ती आस म्हणजे ओढ. तो आस म्हणजे चाकाचा किंवा पृथ्वीचा कणा, आणि त्याचे मूळ ‘अक्ष’ या संस्कृत शब्दात आहे. पृथ्वी ‘आसाभोवती’ फिरते.

मराठी आशेला एक काळी बाजूही आहे आणि लिहिणाऱ्याने तिचे भान ठेवावे. आशाळभूत नजर, वेडी आशा, आशेला लावून ठेवणे, या प्रयोगांत लाचारी, भ्रम आणि फसवणूक आहेत. निराश आणि हताश यांतही फरक आहे : निराश म्हणजे आशा नसलेला, हताश म्हणजे ज्याची आशा हत झाली, मारली गेली, असा. नोकरी न मिळालेला तरुण पहिल्या नकाराने निराश होतो, दहाव्या नकाराने हताश.

जुने ग्रंथ वाचताना किंवा त्यांचा अनुवाद करताना सर्वाधिक सावधगिरी लागते, कारण तेथे आशा ही पुष्कळदा त्याज्य गोष्ट असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला ‘निराशीर्निर्ममो भूत्वा’ लढायला सांगितले आहे. याचा अर्थ निराश होऊन लढ असा केला तर उपदेशच उलटतो. येथे फळाची हाव सोडलेला असा अर्थ आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातील, गिऱ्हाइकाची वाट पाहून थकलेल्या पिंगला या गणिकेची कथा, जी एकनाथांच्या टीकेमुळे वारकऱ्यांच्या घरोघरी पोहोचली, ती तर ‘आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्’ असेच सांगते. तेथील नैराश्य म्हणजे आजच्या अर्थाची खिन्नता नव्हे, तर कुणाची वाट पाहण्यातून झालेली सुटका होय. अशा ठिकाणी अनुवादात ‘आशापाश’, ‘हाव’ किंवा ‘तृष्णा’ हे शब्द घ्यावेत आणि ‘नैराश्य’ तसेच ठेवणे टाळावे.

याच ग्रंथांत आशेचा आणखी एक अर्थ भेटतो. ‘दिशस्तु ककुभः काष्ठा आशाश्च हरितश्च ताः’ असे अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश म्हणतो, म्हणजे आशा हा दिशेचाही पर्याय आहे. हा शब्द दिसायला तोच असला तरी त्याची व्युत्पत्ती निराळी मानली जाते. दहा ही संख्या, पूर्व-पश्चिम अशी विशेषणे किंवा ‘पाल’ हे उत्तरपद जवळ दिसले की दिशा हा अर्थ घ्यावा. आशापाल म्हणजे दिक्पाल, दिशेचा रक्षक. कच्छमधील मातानो मढ येथील आशापुरा मात्र दिशांची देवी नव्हे, ती इच्छा पुरवणारी आहे.

आता नावांकडे. सामान्यनाम आणि विशेषनाम यांचे सामान्यरूप वेगळे होते, आणि हीच ओळखण्याची सोपी खूण आहे. ‘आशेला बळ मिळाले’ म्हणजे मनातल्या आशेला. ‘आशाला बळ मिळाले’ म्हणजे त्या नावाच्या मुलीला. सीतेला, राधेला असे आपण अजून म्हणतो, पण आजच्या व्यक्तिनामांना हा विकार लावत नाहीत. अनेकवचनात मात्र ही खूण पुसली जाते, कारण ‘आशांना’ हे रूप सगळ्यांचे सारखेच होते. त्यातच २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या ‘आशा’ म्हणून ओळखल्या जातात. हे नाव त्यांच्या इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांपासून तयार झाले. साधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ती असा निकष ठेवण्यात आला, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. लेखात त्यांचा पहिला उल्लेख ‘आशा स्वयंसेविका’ असा पूर्ण करावा. ‘आशांच्या आशा पल्लवित’ असल्या मथळ्यांनी त्यांच्या मानधनाचा गंभीर प्रश्न शब्दखेळात बुडतो, आणि ते मला पटत नाही.

मुलीचे नाव ठेवायचे असेल तर आशा हे नाव आशा भोसले, आशा काळे, आशा बगे यांच्या पिढीचे म्हणून बाजूला सारू नये. ते दोन अक्षरी आहे, कोणत्याही भाषेच्या तोंडी बसते, आणि पूर्व आफ्रिकेतही ते आढळते, जरी तेथे ते आयेशा या नावापासून आले असले तरी. अपेक्षा हे नाव कानाला गोड आहे. पण मुलीने आयुष्यभर कुणाच्या तरी अपेक्षा वाहाव्यात असा अर्थ त्यातून निघू शकतो, तो पालकांनी तोलून पाहावा. आशुतोष आणि आशिष या नावांचा आशेशी संबंध जोडला जातो तो चुकीचा आहे. आशुतोष म्हणजे आशु, अर्थात लवकर, संतुष्ट होणारा शंकर; आशिष म्हणजे आशीर्वाद. पारशी परंपरेतला ‘अशा’ हा शब्द सत्य आणि सृष्टीचा नियम यांचा वाचक आहे, त्यामुळे पहिले अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे पारशी नाव लिहिताना विचारून घ्यावे.

परभाषेतील नावांचे काय करावे? मूळ नाव कुणाचे आडनाव असेल तर भाषांतर करू नये. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९५८ पासून असलेला निळा ‘होप’ हिरा गोवळकोंडा परिसरातील खाणीतला मानला जातो. पण त्याचे नाव हेन्री फिलिप होप या संग्राहकावरून पडले, म्हणून त्याला ‘आशेचा हिरा’ म्हणणे चूक आहे. १९३६ ते १९४३ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो यांचेही कुळनाव होपच होते. या आडनावाचे मूळ दरीवाचक जुन्या इंग्रजी शब्दात आहे.

जेथे नाव जाणूनबुजून आशेवरून दिले आहे, तेथे मूळ उच्चार ठेवून अर्थ एकदा सांगावा. गोव्यात बार्देशातील कांदोळीचे चर्च ‘नोसा सेन्योरा दा एस्पेरान्सा’, म्हणजे आशेची माता, हिला वाहिलेले आहे. केप ऑफ गुड होपच्या पोर्तुगीज नावातही हीच एस्पेरान्सा आहे. १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या दक्षिणेकडील त्या टोकाला वळसा घालून गेल्यावर भारताकडे जाणारा जलमार्ग सापडण्याची आशा पक्की झाली. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायली ज्यू लोकांच्या नव्या देशाचे राष्ट्रगीत ‘हातिक्वा’ आहे, आणि त्याचाही अर्थ आशा हाच. संयुक्त अरब अमिरातीने जुलै २०२० मध्ये पाठवलेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले यान ‘अल्-अमल’ आहे. तेथील अमल म्हणजे आशा. मराठीतला अंमल आणि अंमलबजावणी वेगळ्या अरबी शब्दापासून आली आहेत, आणि आपल्याकडचे अमल हे नाव संस्कृत असून त्याचा अर्थ निर्मळ असा आहे. अरबी नाव लिहिताना या तिघांची सरमिसळ होऊ देऊ नये.